व्हेनिसची रात्र, मुक्कामी राहणाऱ्यांसाठी

युरोपातील शहरांच्या संध्याकाळी आणि रात्री कशा अनुभवाव्यात, याविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सर्वांत जास्त पत्रे व्हेनिसविषयी आहेत, म्हणून या अंकातील सदर त्या एकाच शहराला दिले आहे. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त आम्ही सहल कंपनीबरोबर युरोपला निघालो आहोत. कार्यक्रमात व्हेनिससाठी सकाळी दहा ते दुपारी चार एवढाच वेळ असून मुक्काम मेस्त्रे येथील हॉटेलात आहे. संध्याकाळनंतर तिथे पाहण्यासारखे काही नसते, दुकानेही बंद होतात, असे सहल व्यवस्थापक सांगतात. हे खरे आहे का? एक रात्र आम्ही दोघांनी वेगळे राहावे का? (पुणे)

उत्तर : अवश्य राहावे. दुकाने सातच्या सुमारास बंद होऊ लागतात, हे आपल्या व्यवस्थापकांचे म्हणणे खरेच आहे. परंतु त्याच वेळी दिवसभराचे पाहुणेही रेल्वे स्थानकाच्या आणि बसतळाच्या दिशेने परतू लागतात, आणि ज्या जुन्या बेटांवर आज पन्नास हजारांहूनही कमी माणसे कायमची राहतात, ती बेटे पुन्हा त्या माणसांच्या ताब्यात येतात. सकाळी दहा ते दुपारी चार हा या शहरातला सर्वांत गर्दीचा वेळ आहे. त्या सहा तासांत रिआल्तो पुलावर कठड्यापाशी उभे राहायला जागा मिळवण्यासाठीसुद्धा थांबावे लागते. व्हेनिसविषयी 'फार गर्दी, फार महाग, एकदा पाहिले की झाले' असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी तेवढेच सहा तास पाहिलेले असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेस्त्रे हा मुख्य भूमीवरचा भाग आहे. तिथून रेल्वेने समुद्रावरचा पूल ओलांडून सांता लुचिया स्थानकात यायला दहा-बारा मिनिटे पुरतात, त्यामुळे मेस्त्रेत राहूनही संध्याकाळी येता येईल, असा विचार आपल्या मनात येईल. येता नक्कीच येईल; परंतु मध्यरात्रीच्या पुढे गाड्या विरळ होतात, परतीची वेळ सारखी डोक्यात राहते आणि नेमके शहर निवांत होत असताना आपल्याला निघावे लागते. म्हणून त्या एका रात्रीपुरती खोली बेटांवरच घ्यावी. मोठ्या बॅगा सहलीच्या बसमध्येच ठेवाव्यात आणि खांद्यावर घेता येईल एवढेच सामान बरोबर न्यावे, कारण चारशेहून अधिक पूल असलेल्या या शहरात जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत आणि चाकांच्या बॅगेचा तिथे काही उपयोग होत नाही. सान मार्को चौकाच्या अगदी लगत राहण्याचा आग्रह धरू नये. कान्नारेजो, दोर्सोदुरो किंवा कास्तेल्लोच्या पूर्वेकडील भागात खोली मिळाली तर रात्री खाली उतरल्यावर समोर रहिवाशांची वस्ती असते. एक नोंद मात्र करून ठेवावी : वसंत आणि उन्हाळ्यातील काही ठरावीक दिवशी दिवसापुरते येणाऱ्या पाहुण्यांकडून महानगरपालिका प्रवेश शुल्क घेते. ही पद्धत एप्रिल 2024 मध्ये सुरू झाली आणि शुल्क सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेतच लागू असते. मुक्कामी पाहुण्यांना त्यातून सूट असली तरी ती सूट आधी ऑनलाइन नोंदवावी लागते.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ. मेच्या मध्यावर सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि पूर्ण अंधार पडायला नऊ वाजून जातात, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. सूर्यास्ताच्या आधी दोर्सोदुरोच्या दक्षिण काठावरील झात्तेरे या लांब, रुंद धक्क्यावर यावे. समोर जुदेक्काचे बेट आणि त्यावर वास्तुकार पाल्लादिओने उभारलेले रेदेन्तोरेचे पांढरे चर्च दिसते. पूर्वी या पाण्यातून प्रचंड प्रवासी जहाजे जात असत. ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना इथे मज्जाव आहे आणि त्यामुळे या काठाला त्याची शांतता परत मिळाली आहे. जेवण इथेच आसपास उरकावे, कारण बहुतेक स्वयंपाकघरे दहाच्या सुमारास बंद होतात.

जेवणानंतर रेल्वे स्थानकासमोरच्या धक्क्यावरून एक क्रमांकाची व्हापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक बोट, सान मार्कोच्या दिशेने पकडावी. दिवसा ही बोट खचाखच भरलेली असते. रात्री साडेनवानंतर मात्र बाहेरच्या उघड्या भागात बसायला जागा मिळते आणि सुमारे चाळीस मिनिटांत पूर्ण ग्रँड कॅनाल डोळ्यांसमोरून जातो. दिवसा या वाड्यांचे दर्शनी भागच दिसतात. रात्री वरच्या मजल्यांवर दिवे लागले की खालून, पाण्याच्या पातळीवरून, खिडक्यांतून आतली छते दिसू लागतात : रंगवलेल्या लाकडी तुळया, कुठे भित्तिचित्राचा एखादा कोपरा, कुठे काचेचे झुंबर, आणि एखाद्या खिडकीत पुस्तकांनी भरलेली भिंत. काही मजले पूर्ण अंधारात असतात, कारण तिथे आता कोणी राहत नाही. या शहराची सध्याची अवस्था त्या अंधाऱ्या मजल्यांवरून जितकी कळते तितकी आकड्यांवरून कळत नाही. डाव्या हाताला का' व्हेन्द्रामीन कालेर्जी हा वाडा लागतो. संगीतकार वाग्नर यांचे 1883 मध्ये तिथेच निधन झाले आणि आज तिथे कॅसिनो आहे. पुढे 1588 ते 1591 या काळात बांधलेला रिआल्तोचा दगडी पूल, मग कालव्याचे मोठे वळण, अकादेमियाचा लाकडी पूल आणि शेवटी उजवीकडे साल्युते या चर्चचा घुमट येतो.

सान मार्को चौकात दहाच्या पुढे पोहोचलात तर तिथल्या जुन्या कॅफेंचे वाद्यवृंद ऐकायला मिळतील. फ्लोरियान हे त्यांतील सर्वांत जुने, 1720 साली सुरू झालेले. एका कॅफेचे वादक थांबले की समोरच्या कॅफेचे वादक सुरू करतात आणि उभे राहून ऐकणारी माणसे चौक ओलांडून तिकडे जातात. खुर्चीवर बसल्यास पेयाच्या किमतीखेरीज संगीताचा आकार प्रत्येक माणशी वेगळा द्यावा लागतो, तो आधी मेन्यू कार्डावर पाहून घ्यावा. उभ्याने ऐकायला काहीही पडत नाही. चौकातील पायऱ्यांवर बसणे मात्र निषिद्ध असून त्यासाठी दंड होतो. शक्य असेल तर बारापर्यंत थांबावे. उंच घंटाघर 14 जुलै 1902 रोजी कोसळले तेव्हा त्याच्या पाच घंटांपैकी 'मारांगोना' ही सर्वांत मोठी घंटा तेवढी शाबूत राहिली. पूर्वी तिच्या आवाजावर आर्सेनालेच्या गोदीतील सुतारांचा कामाचा दिवस सुरू होई आणि संपत असे. आता ती मध्यरात्री वाजते. पंचविसाव्या वर्षाच्या त्या रात्री ती घंटा आपण दोघांनी तिथे उभे राहून ऐकावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये राहतो. आई-बाबा दोन महिन्यांसाठी आले आहेत. आईचे गुडघे दुखतात, तिला पंधरा-वीस पायऱ्यांच्या वर चढवत नाही. तिला व्हेनिसची रात्र दाखवता येईल का? (म्युनिक, जर्मनी)

उत्तर : येईल, आणि तीही हात धरून ओढत न नेता. पूल टाळून पाण्यावरूनच फिरायचे, एवढे पथ्य पाळावे. एक क्रमांकाच्या बोटीचे धक्के पाण्यावर तरंगते असतात, त्यामुळे आत पाऊल टाकताना फारसा चढउतार नसतो आणि कर्मचारी वृद्धांना हात देतात. सध्या एका वेळचे, 75 मिनिटे चालणारे तिकीट साडेनऊ युरोंना मिळते. 24 तासांचे तिकीट 25 युरोंना मिळते. हे दुसरे तिकीट संध्याकाळी सहाच्या सुमारास पहिल्यांदा यंत्राला लावले की तीच रात्र आणि दुसरा दिवस संध्याकाळी सहापर्यंत त्यातच निभतो.

आईंसाठी दोनच ठिकाणे सुचवतो. 'सान मार्को व्हाल्लारेस्सो' या धक्क्यावर उतरून काठाने न जाता सरळ समोरच्या गल्लीतून आत जावे आणि उजवीकडे वळावे. या वाटेने एकही पूल न चढता चौकात पोहोचता येते. काठाकाठाने गेल्यास मध्ये पूल लागतो. दुसरे ठिकाण साल्युते. त्या धक्क्यावर उतरल्यावर चर्चच्या पायऱ्या चढण्याची गरज नाही. डावीकडे पाण्याच्या कडेने सपाट फरसबंदीवरून चालत राहिले की पुंता देल्ला दोगाना, म्हणजे जुन्या जकात नाक्याचे टोक येते. तिथे एका बाजूला दोजेंचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखांचा, राजवाडा आणि घंटाघर, दुसऱ्या बाजूला सान जोर्जो माज्जोरेचे चर्च आणि मध्ये उघडे पाणी असे दृश्य एकाच जागी उभे राहून दिसते. तिथे बसायला बाके नाहीत, म्हणून घडीचे छोटे स्टूल बरोबर असावे. हॉटेल निवडताना 'धक्क्यापासून दारापर्यंत वाटेत पूल आहे का' आणि 'इमारतीत लिफ्ट आहे का' हे दोन प्रश्न ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. जुन्या इमारतींत लिफ्ट नसणे ही तिथे अगदी सर्वसामान्य बाब आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहे बहुतेक ठिकाणी संध्याकाळी बंद होतात. वयस्कर माणसे बरोबर असताना कॅफेत कॉफी घेऊन तेथील सोय वापरावी.

प्रश्न : गोंडोलाची फेरी रात्री घ्यावी की दिवसा? दर माणशी असतो का? नावाडी गाणे म्हणतो, असे आम्ही चित्रपटांत पाहिले आहे. (ठाणे)

उत्तर : दर माणशी नसून संपूर्ण नावेचा असतो आणि तो महानगरपालिकेने ठरवून दिलेला आहे. दिवसा 30 मिनिटांचे 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 35 मिनिटांचे 110 युरो, आणि एका नावेत जास्तीत जास्त पाच माणसे. गाणे या दरात येत नाही. गायक आणि वादक हवे असतील तर त्यांची वेगळी व्यवस्था वेगळ्या पैशांनी करावी लागते. माझ्या मते ती करू नये, कारण रात्रीच्या गोंडोलात ऐकण्यासारखे जे असते ते त्या गाण्याखाली दबून जाते.

अरुंद कालव्यात नाव शिरली की रस्त्यावरचा आवाज मागे पडतो. एकच वल्हे असते, तेही उजव्या बाजूला; त्याचा जोर तोलता यावा म्हणून सुमारे 11 मीटर लांबीच्या या नावेची डावी बाजू उजवीपेक्षा मुद्दाम रुंद बांधलेली असते. कोपरा आला की पलीकडे कोण येत आहे ते दिसत नाही, म्हणून नावाडी वळणाच्या आधी 'ओए' अशी लांब हाक देतो आणि उत्तराची हाक येते का ते ऐकतो. मग तो शरीर एका बाजूला झुकवतो, विटांच्या ओल्या भिंतीला एका पायाने रेटा देतो आणि नाव भिंतीपासून वीतभर अंतरावरून वळते. हे सगळे दिवसाही घडते, पण दिवसा त्याच कालव्यात पुढे-मागे दहा नावा रांगेने चाललेल्या असतात आणि लक्ष त्या गर्दीकडेच जाते.

त्यामुळे परवडत असेल तर रात्रीचीच फेरी घ्यावी. बसण्यापूर्वी दर, वेळ आणि मार्ग बोलून पक्के करावेत, आणि ग्रँड कॅनालऐवजी आतल्या कालव्यांतून न्यायला सांगावे. ग्रँड कॅनाल तर बोटीतून दिसणारच आहे. प्रवास डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला असेल तर आणखी एक सोय आहे. त्या दिवसांत साडेचार-पावणेपाचलाच सूर्य मावळतो आणि साडेपाच ते पावणेसात या वेळेत, पूर्ण काळोखात आणि दिवे लागलेले असताना, दिवसाच्याच दरात फेरी मिळते.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. व्हेनिसमध्ये रात्रीचे जेवण कसे निभवावे? पिझ्झा सोडून काही आहे का? (सोलापूर)

उत्तर : आधी हे स्वीकारावे लागेल की व्हेनिसची संध्याकाळ प्रामुख्याने मासळीवर उभी आहे. संध्याकाळी सहाच्या पुढे स्थानिक माणसे 'बाकारो' नावाच्या छोट्या मद्यगृहांत उभ्या-उभ्या 'चिकेत्ती' खातात. पावाच्या लहान तुकड्यांवर काहीतरी रचून ते काचेच्या कपाटात मांडलेले असते, हवे तेवढे तुकडे बोटाने दाखवून घ्यायचे आणि तुकड्यागणिक पैसे द्यायचे. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध पदार्थ वाळवलेल्या कॉड माशाचा आहे, आणि तो मासा या शहरापर्यंत कसा आला याची हकिगतही प्रसिद्ध आहे : पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचे जहाज 1431-32 च्या हिवाळ्यात भरकटत थेट नॉर्वेच्या लोफोतेन बेटांपर्यंत गेले आणि वाचलेल्या माणसांनी वाळवलेल्या माशांची ओळख परत आणली.

तरीही आपल्याला उपाशी राहावे लागणार नाही. आर्टिचोकच्या फुलाचा मऊ तळभाग लसूण आणि पार्स्ली घालून उकडतात, तो खास तिथला पदार्थ आहे आणि बहुतेक बाकारोंत मिळतो. 'पोलेंता' म्हणजे मक्याच्या पिठाची आपल्या उकडीसारखी घट्ट शिजवलेली वडी, भाजून वर अळंबी घातलेली. त्याखेरीज भाजलेला भोपळा, वांगी, ढोबळी मिरची, हिवाळ्यात त्रेविझोची जांभळी, किंचित कडवट राडिक्यो नावाची पालेभाजी. वसंत ऋतूत सांत'एराझ्मो बेटावरचे कोवळे आर्टिचोक येतात, ते मिळाले तर सोडू नयेत.

फसगत होते ती दिसायला शाकाहारी असणाऱ्या पदार्थांत. 'बिगोली इन साल्सा' हा जाड शेवयांचा पदार्थ केवळ कांद्याचा वाटतो, परंतु त्या कांद्यात खारवलेली मासळी विरघळवलेली असते. रिझोत्तो, म्हणजे तिथला मऊ भात, भाज्यांचा असला तरी तो बहुधा मांसाच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजवतात. घेवड्याच्या दाट सूपमध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा असण्याची शक्यता असते. पार्मेजान चीज दूध नासवण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरूनच केले जाते, त्यामुळे ज्यांना तेही चालत नाही त्यांनी ते वरून घालू नका, असे सांगावे. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा अच्चूगे, सेन्त्सा उओवा' म्हणजे मांस नको, मासा नको, अँकोव्ही नको, अंडे नको, हे चार तुकडे कागदावर रोमन लिपीत लिहून ठेवावेत आणि वाढप्याच्या हातात द्यावेत. तिथे त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. 'ब्रोदो व्हेजेताले?' असे विचारले की रिझोत्तोच्या पाण्याविषयी कळते. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-चार युरो वाढलेले दिसतील, तो बसण्याचा आणि पावाचा रीतसर आकार आहे.

प्रश्न : मी लहानपणी मडगावला व्हायोलिन शिकलो. व्हेनिसला जाऊन विवाल्दीचे संगीत त्याच्याच गावात रात्री ऐकावे, अशी फार वर्षांची इच्छा आहे. कुठे ऐकावे? (मडगाव, गोवा)

उत्तर : अकादेमिया पुलाच्या जवळ सान विदाल हे एक चर्च आहे, तिथे संध्याकाळी नियमित मैफली होतात आणि त्यांत विवाल्दीच्या रचना हमखास असतात. शहरात केसांचे टोप आणि अठराव्या शतकातील पोशाख घालून वाजवणारे समूहही आहेत. आपण स्वतः व्हायोलिन शिकलेले आहात, म्हणून पोशाखांपेक्षा वादन ऐकण्यासाठी जावे, असे सुचवतो. मैफल दीडएक तासाची असते, ती संपल्यावर पुलावर यावे. बो कसा चालला होता याची चर्चा करायला त्याहून चांगली जागा नाही.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. रीव्हा देल्यी स्क्याव्होनी या काठावरील पिएता चर्च 'विवाल्दीचे चर्च' म्हणून दाखवले जाते. विवाल्दी 1703 पासून पिएताच्या अनाथाश्रमात मुलींना व्हायोलिन शिकवत होता आणि त्या मुलींचा वाद्यवृंद जाळीमागे बसून वाजवीत असे, हे खरे आहे. परंतु आज उभे असलेले चर्च त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे 1741 नंतर बांधले गेले. तिथे बसून त्याची आठवण काढायला हरकत नाही, पण त्या भिंतींनी त्याला पाहिलेले नाही.

ऑपेराची आवड असेल तर ला फेनीचे हे नाट्यगृह आहेच. व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता'चा पहिला प्रयोग 6 मार्च 1853 रोजी तिथे झाला. 29 जानेवारी 1996 च्या रात्री ते जळून खाक झाले. लगतचा कालवा दुरुस्तीसाठी कोरडा केलेला असल्याने अग्निशामक बोटींना जवळ जाता आले नाही. जुन्या रूपातच ते पुन्हा बांधून डिसेंबर 2003 मध्ये उघडले. वरच्या सज्जातली स्वस्त तिकिटे घेताना 'अर्धवट दृश्य' असा शेरा आहे का ते पाहावे. काही आसनांवरून रंगमंच जवळजवळ दिसत नाही.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी, साठीच्या आतबाहेरच्या, स्वतंत्रपणे फिरायला निघालो आहोत. रात्री त्या अरुंद गल्ल्यांतून फिरणे सुरक्षित आहे का? रस्ता चुकलो तर? (कोल्हापूर)

उत्तर : रस्ता आपण नक्की चुकाल; तिथे सगळेच चुकतात आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. अंगावर येणारी गुन्हेगारी या शहरात फार कमी आहे. खिसेकापू आहेत, पण ते गर्दीच्या बोटींत आणि रिआल्तोच्या आसपास दिवसा काम करतात. मोटारी नाहीत, मोटारसायकली नाहीत, त्यामुळे मागून वाहन येण्याची धास्तीही नाही. गल्लीच्या कोपऱ्यांवर पिवळ्या पाट्या असतात, त्यांवर 'पेर रिआल्तो', 'पेर सान मार्को', 'आल्ला फेरोव्हिया' म्हणजे स्थानकाकडे, असे बाण दाखवलेले असतात. त्यांतला कोणताही एक बाण धरला की माणूस ओळखीच्या जागी पोहोचतो. उंच भिंतींमध्ये मोबाइलचा नकाशा अनेकदा भलतीकडे दाखवतो, त्यावर विसंबू नये. पत्त्याचीही गंमत आहे : घरक्रमांक गल्लीचे नसून संपूर्ण विभागाचे असतात आणि शहराचे असे सहा विभाग आहेत, त्यामुळे क्रमांक हजारांत जातात. हॉटेलजवळच्या धक्क्याचे, चर्चचे आणि पुलाचे नाव लिहून ठेवल्याचा जास्त उपयोग होतो.

खरी काळजी घ्यायची ती पाण्याची. काही गल्ल्या कठडा नसताना थेट कालव्यात संपतात आणि कडेच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून अंधारात फोनकडे बघत चालू नये. रात्री रस्त्यांवर दिवे नसत त्या काळात इथे 'कोदेगा' नावाची माणसे कंदील घेऊन पैसे देणाऱ्याच्या पुढे चालत. आपण एक छोटी विजेरी जवळ ठेवली म्हणजे झाले. माणसांत राहावेसे वाटले तर विद्यार्थ्यांनी गजबजलेला कांपो सांता मार्गेरीता किंवा कान्नारेजोतील मिझेरिकोर्दिया काठ उशिरापर्यंत जागा असतो. मध्यरात्रीनंतर 'एन' या अक्षराच्या बोटी चालतात.

कान्नारेजोत गेल्यावर गेत्तो नोव्होच्या चौकात थोडा वेळ थांबावे, आणि ते रात्रीच. 29 मार्च 1516 च्या आदेशाने शहरातील ज्यूंना या बेटावर राहणे सक्तीचे झाले. रात्री दरवाजांना कुलपे लागत, पहारेकऱ्यांचा खर्च ज्यूंकडूनच वसूल होई आणि भोवतालच्या कालव्यात पहाऱ्याच्या नावा फिरत. जागा वाढवता येत नसल्याने घरे वर चढवत नेली, म्हणून इथल्या इमारती शहरातील इतर घरांपेक्षा उंच आहेत आणि त्यांचे मजले बुटके आहेत. 1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने दरवाजे पाडले. आज कोणालाही रात्री त्या पुलावरून ये-जा करता येते. व्हेनिसच्या रात्रीविषयी बोलताना ज्यांच्यासाठी ती रात्र अडीच शतकांहून अधिक काळ कुलपाआड होती, त्यांना वगळून बोलणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : दिवाळीनंतर तिकिटे स्वस्त मिळतात, म्हणून नोव्हेंबरात जाण्याचा विचार आहे. शहरात पुराचे पाणी शिरते, असे ऐकले. जावे की नाही? (नागपूर)

उत्तर : जावे. नोव्हेंबरात पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो, गर्दी कमी असते आणि धुक्याची रात्र मिळण्याची शक्यता असते, म्हणून रात्रीच्या व्हेनिससाठी हा महिना मला मे-जूनपेक्षाही उजवा वाटतो. भरतीचे पाणी चढण्याचा काळही हाच आहे, हे खरे. 12 नोव्हेंबर 2019 च्या रात्री पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढले होते, 1966 मधील 194 सेंटिमीटरनंतरची ती सर्वांत मोठी पातळी. परंतु 3 ऑक्टोबर 2020 पासून परिस्थिती बरीच बदलली आहे. त्या दिवशी समुद्राच्या तीन मुखांवरील 'मोझे' प्रकल्पाचे 78 पोलादी दरवाजे भरतीविरुद्ध पहिल्यांदा उचलले गेले, आणि मोठ्या भरतीचा अंदाज असला की ते आता वर घेतले जातात. त्याहून कमी भरतीत सान मार्को चौक, तो शहरातल्या सर्वांत सखल जागांपैकी एक असल्याने, काही तासांपुरता ओला होऊ शकतो. महानगरपालिकेचा भरतीचा अंदाज रोज प्रसिद्ध होतो, तो पाहून चौकात जाण्याची वेळ ठरवावी.

तारखा आपल्या हातात असतील तर 21 नोव्हेंबर धरून जावे. 1630 च्या प्लेगमधून शहर वाचले तर चर्च बांधू, असा नवस व्हेनिसने केला होता. तो साल्युतेच्या रूपाने फेडला गेला, आणि त्याचा वार्षिक उत्सव या दिवशी असतो. ग्रँड कॅनालवर तात्पुरता पूल उभारतात, त्यावरून शहरातली माणसे कुटुंबासह चालत येतात आणि रात्री उशिरापर्यंत चर्चमध्ये मेणबत्त्या लावतात. हा उत्सव पर्यटकांसाठी नाही, शहराचा स्वतःचा आहे, तेव्हा रांगेत उभे राहून एक मेणबत्ती आपणही लावावी. त्या आठवड्यातील खोल्या लवकर भरतात, आरक्षण तीन-चार महिने आधी करावे. गमबूट मात्र इथून नेऊ नयेत, गरज पडल्यास तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.